सुतळी तीस दिवसांची

आठवडी बाजार उलगायला आला की कोंबडीचा भाव उतरतो. भर दुपारी साडेपाचशेवर अडून बसलेला विक्रेता ऊन कलताच साडेचारशेवर येतो. ‘‘घ्या मावशी, दोनच उरल्यात. दोन्ही नेताय तर आणखी पन्नास कमी द्या.’’ मावशीही काही कच्च्या नसतात. कोंबडी उचलून हातावर तोलतात, छातीचं हाड चाचपतात, तुरा लाल आहे ना बघतात, बुडाशी दोन हाडांच्या मध्ये बोटं लावून ती अंड्यावर आहे की नाही तेही ताडतात. एवढी तपासणी करणाऱ्या मावशी एकच गोष्ट विचारत नाहीत. ही कोंबडी कुणाच्या घरची, आणि त्यानं ती आजच का विकायला काढली?

पुढचं सगळं ठरलेलं. पाय बांधून पिशवीत, डोकं तेवढं बाहेर. वडापच्या जीपमध्ये बाकाखाली, शेजारी आणखी कुणाच्या दोन कोंबड्या. घरी आल्यावर एका पायाला सुतळी आणि सुतळी अंगणातल्या खुंटीला. नवी कोंबडी घराला सरावेपर्यंत दोन-चार दिवस मोकळी सोडायची नाही, नाहीतर ती वाट फुटेल तिकडे जाते, हे खेड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मग एका रात्री अंधार पडल्यावर तिला अलगद खुराड्यात बाकीच्यांच्या मध्ये ठेवायचं. अंधारात कोंबडीला दिसत नाही. सकाळी ती आधीपासून इथलीच असल्यासारखी खुराड्यातून बाहेर पडते आणि टोचाटोची कमी होते.

या शहाणपणात खोट काही नाही. फक्त ते सगळं भांडणाबद्दलचं आहे. नव्या कोंबडीला जुन्या टोचतील याची काळजी घरोघर घेतली जाते. नवी कोंबडी जुन्यांना काय देईल, हा विचार मात्र बहुतेक वेळा खुराडं रिकामं झाल्यावर सुचतो.

ती काय देऊ शकते, याची यादी लांब आहे. पण गावात एकाच नावाची धास्ती असते : मानमोडी. पाचव्या-सहाव्या दिवशी नवी कोंबडी पंख फुगवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरं पातळ हगते. मान पिळवटून उलटी होते, पाय लुळे पडतात. आठवडाभरात घरातल्या, मग शेजारच्या, मग आळीतल्या कोंबड्या जातात. लस नसलेल्या कळपात या रोगाचा जहाल विषाणू शिरला तर सगळ्याच्या सगळ्या कोंबड्या मरू शकतात. पुस्तकात याला राणीखेत म्हणतात. १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधल्या राणीखेतला तो नोंदला गेला, म्हणून ते नाव. त्याच सुमारास इंग्लंडात न्यूकॅसलजवळही तो सापडला आणि जगानं न्यूकॅसल हे नाव घेतलं. भारतात वापरली जाणारी आरटूबी ही लस ज्या वाणापासून बनते, त्याचं नाव राणीखेतपासून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वरचं. म्हणजे रोगाचं भारतीय नाव आणि त्याच्यावरचं औषध, दोन्ही एकाच डोंगरातली. तरी शंभर वर्षं होत आली आणि मानमोडी दर उन्हाळ्यात गावं रिकामी करतेच आहे.

रोग आभाळातून पडतो, अशी एक समजूत आहे. ‘साथ आली’ हा शब्दप्रयोगही तसाच, जणू वारं आलं. काही वेळा ते खरं असतं. बर्ड फ्लू स्थलांतरित पक्षी आणू शकतात. पण मानमोडी, सर्दी, तोंडावरच्या देवी, उवा-पिसवा हे बहुतेक वेळा पिशवीतून, डालग्यातून, चपलेच्या तळाला चिकटलेल्या शिटेतून येतात. कुणीतरी हातानं धरून आणल्यावर येतात. आणि बाजारात स्वस्तात मिळणारी कोंबडी ही त्यातली सर्वांत संशयास्पद. कारण घरात दोन मेल्या की उरलेल्या विकून चार पैसे सोडवायचे, हा गरिबाचा साधा हिशेब असतो. त्याला दोष देणं सोपं आहे. पण राणीखेतचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस जातात आणि लक्षणं दिसण्याआधीच कोंबडी विषाणू टाकू लागते. बाजारातली लाल तुऱ्याची, वजनदार, अंड्यावरची कोंबडी त्या पंधरा दिवसांतली असेल, तर मावशींच्या बोटांना ते कळणार कसं?

पैसेवाल्यांनाही ते कळत नाही. महेंद्रसिंह धोनीनं रांचीजवळच्या आपल्या शेतासाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआहून कडकनाथची २,००० पिल्लं मागवली होती. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआत कडकनाथच्या फार्मवर बर्ड फ्लू निघाला आणि ती खेप रद्द झाली. पिल्लं रांचीला पोहोचली ती २०२२ मध्ये. धोनीचं नाव होतं म्हणून बातमी झाली. पण बातमीतला खरा धडा कुणी वाचला नाही : खेप आधीच निघाली असती तर? अमेरिकेत कॅलिफोर्नियात मे २०१८ मध्ये राणीखेतचा उद्रेक सुरू झाला, तोही मोठ्या फार्मवर नव्हे, लोकांच्या परसातल्या कोंबड्यांत. एका घरातून दुसऱ्या घरात पक्षी नेले-आणले जात राहिले आणि तो आटोक्यात यायला २०२० चा जून उजाडला. तोवर सुमारे १२ लाख पक्षी नष्ट करावे लागले. लस, प्रयोगशाळा, पैसा, सगळं हाताशी असलेल्या राज्यातली ही गोष्ट.

म्हणून पुन्हा त्या सुतळीकडे यायला हवं. नव्या प्राण्याला काही काळ वेगळं ठेवायचं, हे पशुवैद्यक शास्त्र सांगतं आणि त्याला विलगीकरण असं भारदस्त नाव देतं. करोनानं तो शब्द घराघरात नेला, पण कोंबडीपर्यंत तो पोहोचलेला नाही. गंमत अशी, की कोंबडीपर्यंत रीत मात्र शब्दाच्या आधीच पोहोचलेली आहे. पाय बांधून ठेवणं हे अर्धं विलगीकरणच आहे. चुकतात त्या दोनच गोष्टी. दिवस कमी पडतात आणि खुंटी जवळ असते. अंगणाच्या मधोमध बांधलेल्या नव्या कोंबडीभोवती घरातल्या सगळ्या कोंबड्या गोळा होतात, तिच्याच परातीत चोच घालतात, तिच्याच शिटेत पाय उकरतात. दोन-चार दिवसांचे तीस करायचे आणि खुंटी तीस-चाळीस पावलं लांब न्यायची, एवढीच मागणी आहे. कुणाला नवं काही शिकायचं नाही.

अर्थात महिनाभर सुतळीवर ठेवणं कोंबडीला बरं नाही, पायाला काच पडतो. जुनं डालगं, बांबूचा झाप, गोठ्याची मोडकी बाजू, जाळी लावलेली लाकडी पेटी, काहीही चालतं. अटी दोनच : जुन्या कोंबड्या तिथं फिरकता कामा नयेत आणि तिकडचं पाणी इकडे वाहता कामा नये. भांडी वेगळी. दाणा-पाण्याचा क्रम आधी जुन्यांचा, मग नवीचा. उलटं केलं, की नवीची शीट चपलेला लागून जुन्यांच्या खुराड्यात जाते. तिकडे जायला एक जुनी चप्पल वेगळी ठेवली आणि परतल्यावर साबणानं हात धुतले, तर अर्धी लढाई तिथंच जिंकली जाते. राणीखेतच्या विषाणूवर मेदाचं पातळ आवरण असतं आणि साबणापुढे ते टिकत नाही. रक्ती हगवणीच्या जंतूंची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंड्यांना साबणाचं किंवा फिनेलचं काही वाटत नाही. ती ओलाव्यावर जगतात आणि कोरडेपणानं मरतात, म्हणून खालचा भुसा ओला होऊ न देणं आणि जागेला ऊन दाखवणं हाच त्यावर उपाय.

इथं एक गोष्ट लोक विसरतात. धोका दोन्ही बाजूंनी असतो. घरच्या कोंबड्यांनी लहानपणापासून इथल्या मातीतले जंतू थोडे थोडे पचवलेले असतात. त्या ठणठणीत दिसतात. बाहेरून आलेली तलंग त्याच मातीत पहिल्यांदा चोच घालते आणि रक्ती हगवणीनं आठवड्यात जाते. मग ‘बाजारातून आजारी कोंबडी दिली’ असं म्हणून विक्रेत्याच्या नावानं बोटं मोडली जातात. त्यात त्याचा दोष नसतो.

महिनाच का, आठवडा का नाही? कोंबडीची साधी सर्दी एक ते तीन दिवसांत दिसते. सुजलेला चेहरा, घाण वासाचा शेंबूड. राणीखेतला पंधरा दिवस लागू शकतात, दम्यासारख्या जुनाट श्वसनरोगाला तीन आठवडेही. शिवाय याच महिन्यात नवीला लस देता येते आणि लसीला अंगी लागायला लागणारे दोन आठवडेही मिळतात. पहिल्याच दिवशी तिला उलटी धरून बुडाभोवतीची आणि पंखांखालची पिसं फुंकर मारून बाजूला करावीत. उवा असतील तर तिथंच पळताना दिसतात. चाळलेली राख एका खळग्यात भरून दिली, की कोंबडी स्वतःच तिच्यात लोळते. गावठी उपायांतला हा एक खरोखर उपयोगी.

महिनाभरानंही एक कोडं उरतंच. सर्दीतून किंवा श्वसनरोगातून बरी झालेली कोंबडी आयुष्यभर ते जंतू बाळगू शकते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. तिला पकडायचा एक जुना, थोडा निष्ठुर मार्ग आहे. शेवटच्या दहा-बारा दिवसांत घरच्या कळपातली एक कोंबडी, शक्यतो म्हातारी, नव्यांच्या सोबत ठेवायची. ती आजारी पडली तर नव्यांच्या पोटात काय आहे ते कळलं. नाही पडली तर वाट बरीच मोकळी. एका कोंबडीचा जुगार खेळून दहा वाचवायच्या. ज्यांना हे नको वाटतं त्यांच्यासाठी आजीचा रस्ता अजून खुला आहे : कोंबडी आणायचीच नाही, अंडी आणायची. घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवली की एकवीस दिवसांत पिल्लं. अंड्यातून उवा येत नाहीत, सर्दी येत नाही, मानमोडी येण्याची शक्यताही अगदी कमी. पांढरी हगवण आणि तो जुनाट श्वसनरोग मात्र आईकडून अंड्यातून उतरू शकतात, त्यामुळे अंडीही ओळखीच्या, निरोगी घरातलीच हवीत. हॅचरीतून पिल्लं घेणाऱ्यांनी एक प्रश्न विचारावा : पहिल्याच दिवशी मॅरेक्स रोगाची लस दिली होती का? ती नंतर देऊन फारसा उपयोग नसतो. संसर्गाच्या आधी पोहोचली तरच ती काम करते.

कॅप्सूलचं काय? नवी कोंबडी आणली की ‘सावधगिरी म्हणून’ माणसांच्या दुकानातली एखादी प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची खोड गावोगाव आहे. मानमोडी विषाणूची, तिला प्रतिजैविक लागू पडत नाही. सर्दी दबते, लक्षणं झाकली जातात आणि दहाव्या दिवशी निरोगी वाटणारी वाहक कोंबडी कळपात जाते. कोलिस्टिनसारखं माणसासाठी शेवटचा आधार असलेलं औषध कोंबड्यांना द्यायला केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती उगीच नाही.

खरं औषध लसच. आणि इथं दोष मावशींचा नसून व्यवस्थेचा आहे. लासोटा या राणीखेतवरच्याच लसीची किंवा आरटूबीची कुपी निदान शंभर मात्रांची येते. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. ज्या घरात बारा कोंबड्या आहेत त्या घरानं तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची, बारा कोंबड्यांना एकेक मात्रा द्यायची आणि अठ्ठ्याऐंशी मात्रा मातीत ओतायच्या? कुणी करत नाही, आणि करू नये. हे काम घराचं नाही, गावाचं आहे. ठरलेल्या दिवशी पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटण्याआधी, एक कुपी फोडून आळीतल्या दहा घरांत फिरायचं. शंभर कोंबड्या तासाभरात होतात. मोझांबिक आणि टांझानियात खेड्यातल्याच माणसांना शिकवून दर चार महिन्यांनी घरोघर डोळ्यात थेंब टाकण्याचं काम उभं राहिलं. त्यासाठी उष्णतेला जास्त तग धरणारी आय-टू ही लस ऑस्ट्रेलियात तयार झाली होती. तिथं जमलं ते बचत गटांचं एवढं मोठं जाळं असलेल्या महाराष्ट्रात जमू नये, याला कारण पैसा नाही. परसातली कोंबडी कुणाच्या हिशेबात नाही, हे आहे.

हिशेबात नाही म्हणायचं आणि आकडे मात्र उलटं सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पक्षी मोजले गेले आणि त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले होते. सात वर्षांत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. त्या वाढीत सरकारी योजनांचाही हात आहे. महाराष्ट्रात ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर कोंबड्यांचा गट दिला जातो, एकदिवसीय १०० पिल्लांचाही गट दिला जातो. योजना चांगली आहे. बाईच्या हातात स्वतःचा पैसा येण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. पण एका घरात एका दिवसात अठ्ठावीस नवे पक्षी उतरतात तेव्हा त्या घरातल्या, शेजारच्या, आळीतल्या जुन्या कोंबड्यांचं काय? तलंगा लस घेऊन आल्या असं धरलं, तरी लस रोग थोपवते, विषाणूचा शिरकाव पुरता रोखत नाही. आणि गावात मानमोडी आधीच धुमसत असेल तर अनुदानाचे अठ्ठावीस पक्षी हे तिला नवं जळण. वाटपाच्या दोन आठवडे आधी त्या गावातल्या सगळ्या जुन्या कोंबड्यांना लस द्यायची आणि ज्या लाभार्थीकडे वेगळी जागा आहे त्याच्याच घरी गट उतरवायचा, या दोन ओळी योजनेच्या नियमांत घातल्या तर अनुदानाचे पैसे मातीत जाणार नाहीत.

नोंदीचंही तसंच. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा केंद्रीय कायदा राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्हींची खबर देणं मालकावर बंधनकारक करतो. प्रत्यक्षात खबर देण्यापेक्षा कोंबड्या रातोरात विकणं सोपं असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे इथं शब्दशः खरं ठरतं. २००६ च्या सुरुवातीला नवापूरच्या फार्मांवर पक्षी मरू लागले तेव्हा ती राणीखेतच असावी असा बऱ्याच जणांचा समज होता. १८ फेब्रुवारीला देशातला पहिला बर्ड फ्लू म्हणून तो जाहीर झाला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोहोचला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, तोही बर्ड फ्लूच निघाला. मान वाकडी झालेली प्रत्येक कोंबडी मानमोडीचीच असते असं नाही. मेलेला पक्षी ओढ्यात टाकण्याऐवजी किंवा घाईनं शिजवण्याऐवजी १९६२ वर फोन केला तर पशुवैद्यकांचं फिरतं पथक येतं. भरपाईची गोमही माहीत असावी : बर्ड फ्लूत सरकार मारतं त्या पक्ष्यांचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्यांचे नाही. खबर लवकर देण्यात पदरचा फायदा आहे, हे गावात कुणी सांगत नाही.

महिनाभर वेगळं ठेवायला जागा कुठून आणायची, हा आक्षेप मात्र खरा आहे. मुंगूस, मांजर, घूस यांच्या तावडीत एकटी कोंबडी लांब ठेवायची म्हणजे रात्री झोप नाही. गटारीला किंवा नवसाला आणलेला कोंबडा तर चारच दिवसांचा पाहुणा, त्याच्यासाठी वेगळं खुराडं कोण बांधणार? पण तो चार दिवसांचा पाहुणाच सर्वांत जास्त धोक्याचा. तो गर्दीच्या बाजारातून येतो, कुणी त्याला पारखत नाही आणि चार दिवस तो घरच्यांसोबत दाणे टिपतो. त्याला पहिल्या तासापासून डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवायला काही खर्च येत नाही. बाकीच्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वर्षातून एकदाच, एकदम, एकाच घरातून पक्षी आणणं. दर बाजारी एक-एक आणणाऱ्याला बारा महिने वेगळं खुराडं लागतं, एकदम आणणाऱ्याला एक महिना.

तो महिना नीट गेला, म्हातारी कोंबडी धडधाकट राहिली, नवीनं एखादं अंडंही घातलं, की एकतिसाव्या रात्री अंधार पडल्यावर तिला खुराड्यात ठेवावं. इथं जुनी रीत अगदी बरोबर आहे. सकाळी पाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवावीत, एकमेकांपासून लांब, आणि दाणे एका जागी न ओतता अंगणभर फेकावेत, म्हणजे टोचून हाकललेलीलाही कडेला चार दाणे मिळतात.